हिचा नंबर कुठाय?

सरकारी खुर्चीच्या आयुष्यात पूर्वी तीनच अवस्था असत: मंजूर, वापरात आणि कंडेम. चंडीगडच्या खुर्च्यांनी चौथी शोधून काढली. पॅरिसमधला लिलाव.

घडलं ते असं. १९५१ साली पंजाबची नवी राजधानी उभारायचं काम वास्तुकार ल कॉर्बुझिए यांच्याकडे आलं आणि त्यांच्यापाठोपाठ त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे आले. घराण्यात एक मोठा माणूस निघाला की प्रत्यक्ष काम दुसऱ्या कोणाला तरी करावं लागतं. कॉर्बुझिए वर्षाकाठी एक-दोन खेपा घालून दिशा दाखवून जात. जानरे १९६५ पर्यंत तिथंच राहून त्या दिशेनं विटा, वाळू आणि ठेकेदार जातायत की नाही ते बघत बसले. सचिवालय झालं, हायकोर्ट झालं, विद्यापीठ झालं. मग या इमारतींत हजारो कारकून येणार आणि ते उभ्यानं काम करणार नाहीत, हाही प्रश्न आला. (बसून करतील याची खात्री कोणीच दिली नव्हती, पण तो विषय वेगळा.)

तेव्हा जानरे आणि त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी खुर्च्या आखल्या. सागवानाची चौकट, वेताची विणलेली बैठक आणि पाठ, दोन्ही बाजूंना उलट्या ‘व्ही’सारखे तिरके पाय. जवळपासच्या सुतारांना जमेल, आसपास मिळेल त्या मालात होईल आणि सरकारला परवडेल, अशी. एकाच नकाशावरून अनेक ठिकाणच्या सुतारांनी त्या केल्या, त्यामुळे दोन खुर्च्या अगदी हुबेहूब सहसा नसतात. पाठीमागे खात्याची इंग्रजी अक्षरं आणि नंबर रंगवला आणि खुर्च्या कामाला लागल्या.

पुढं वेत फाटले, लोखंडी खुर्च्या आल्या, मग चाकं आली, आणि मांडीखाली हात घालून दांडा शोधायच्या खुर्च्या आल्या. जुन्या खुर्च्या गच्चीवर गेल्या. तिथं त्यांचे पाय आभाळाकडे करून ढीग लागले आणि रद्दीच्या भावानं त्या विकल्या गेल्या. विकत घेणाऱ्यांत युरोपातले जाणकार व्यापारी होते. त्यांनी त्या धुतल्या, दुरुस्त केल्या, आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत एकेक खुर्ची लाखांत जाऊ लागली. आपली सरकारी यंत्रणा जागी झाली आणि २०११ साली गृहमंत्रालयानं हुकूम काढला, की या वस्तू वारसा आहेत, विकू नका, बाहेर पाठवू नका. ज्या खुर्चीवर चहा सांडला तर शिपाईसुद्धा फडकं आणत नव्हता, तिच्यासाठी आता समिती आली.

अस्सल मिळेना म्हटल्यावर नवी निघणं ओघानंच आलं. इटलीच्या कासिना कंपनीनं २०१९ साली जानरे यांना मानवंदना म्हणून या घराण्यातल्या खुर्च्या काढल्या. आपल्याकडे बंगळूरच्या फँटम हँड्स या मंडळींनी सागवान आणि वेत घेऊन हाच उद्योग नेटानं चालवला आहे. बाकी जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारापर्यंत ‘चंडीगड चेअर’ म्हटलं की दुकानदार भुवईसुद्धा वर करत नाही.

अशीच एक नवी जुनी खुर्ची तंजावरला माझ्या सासऱ्यांकडे आली. ती बंगळूरच्या नातीनं पाठवली होती. नात लोकांच्या घरांची आतली सजावट करते, म्हणजे त्यांच्या घरातलं सामान कमी करून त्याचे पैसे घेते. आजोबांना ८४वं लागलं, तर काहीतरी ‘टिकाऊ’ द्यावं असं तिच्या मनात आलं.

अप्पा, म्हणजे माझे सासरे, तंजावरचे मराठी. व्यंकोजीराजांच्या पाठोपाठ जी घराणी सतराव्या शतकात कावेरीकाठी आली आणि परत जायचं विसरली, त्यांतलं एक. पूर्वज लष्करात होते की लष्कराच्या हिशेबात, यावर घरात दुमत आहे. अप्पांकडे पाहिलं की हिशेबात असावेत असं वाटतं. राज्य सरकारच्या एका कचेरीत त्यांनी हयात काढली आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. घरात जी मराठी बोलतात ती तमिळच्या चालीवर जाते आणि शेवटी वळण घेऊन अशा जुन्या शब्दावर थांबते, जो पुण्यात आता फक्त बखरीत भेटतो. माझी मराठी ऐकून अप्पांना माझी दया येते.

खोकं उघडलं. कागद, फेस, पुठ्ठा, पुन्हा कागद. घरातली सगळी माणसं जमली, कारण तंजावरात मोठं खोकं उघडणं हा सार्वजनिक कार्यक्रम आहे. खुर्ची बाहेर आली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग अप्पांकडे पाहिलं, जणू ते दोघं जुने ओळखीचे असावेत. अप्पांनी चष्मा लावला, खुर्चीभोवती एक प्रदक्षिणा घातली, ती उलटी करायला लावली आणि बैठकीच्या खालून, पाठीच्या मागून, हातांच्या तळाशी बोट फिरवलं.

“हिचा नंबर कुठाय?”

“नंबर कसला, अप्पा?”

“जावईबापू, खुर्ची आहे ना? मग नंबर हवा. ऑडिटला काय दाखवणार?”

खुर्ची त्यांनी ओळखली होती. ही जानरेंची आहे वगैरे नाही. ही सरकारी आहे एवढंच. त्यांच्या कचेरीतली पीडब्ल्यूडीची होती, पाय सरळ होते, पण सागवान तेच, वेत तोच आणि पाठीवरचा अधिकारही तोच. साहेबाच्या खुर्चीला हात असत, कारकुनाच्या खुर्चीला नसत, आणि बढती झाली हे पगारपत्रकाआधी कोपरांना कळत असे. निवृत्तीच्या दिवशी अप्पांनी अशाच खुर्चीला शेवटचा नमस्कार केला होता. आता ती टपालानं पाठोपाठ घरी आली, याचा त्यांना आनंद झाला की धसका बसला हे पहिले दोन दिवस कळलं नाही.

नातीला व्हिडिओवरून नंबराची गोष्ट सांगितली तेव्हा ती हसली नाही. उलट गंभीर झाली. म्हणाली, लिलावात त्या नंबराचीच तर किंमत असते. पाठीवर रंगानं लिहिलेली ती खात्याची अक्षरं दिसली की गिऱ्हाईक वर चढतं. त्यामुळे बनावट खुर्च्या करणारे आधी नंबर रंगवतात, वरून थोडा खरवडतात, आणि मग खुर्ची करतात. म्हणजे ज्या कारकुनानं डाव्या हातानं, डुगडुगत्या साच्यातून, जेवणाच्या सुट्टीआधी संपवायचं म्हणून तो नंबर मारला, त्याच्या घाईची नक्कल करण्यात आज कुशल कारागीर गुंतले आहेत.

अप्पांना हे ऐकून काहीच नवल वाटलं नाही. वस्तू कोणाची हे लिहून ठेवावं, याबाबतीत तंजावरकरांना कोणी शिकवू नये. बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळानं बांधलं, १०१० साली पुरं झालं. पुढं आठशे वर्षांनी, १८०३ साली, सरफोजीराजांनी त्याच देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याची सगळी हकिकत मराठीत कोरून घेतली. इमारत चोळांची, नंबर आमचा. आज देवळात येणारे मराठी पर्यटक शिखराकडे एकदा बघतात आणि त्या भिंतीपुढे उभे राहून फोटो काढतात. लिलाववाले ज्याला ‘प्रॉव्हेनन्स’ म्हणून गिऱ्हाइकाला घाबरवतात, ते इथं दगडात, उघड्यावर, फुकट आहे.

आता खुर्ची ठेवायची कुठं? हा प्रश्न पुण्यात येत नाही. तिथं जिथं भिंत आहे तिथं खुर्ची जाते. तंजावरच्या जुन्या घरात बसायची व्यवस्था शेकडो वर्षांपूर्वीच पक्की झालेली आहे. रस्त्यालगत तिण्णै, म्हणजे आपला ओटा: तिथं येणाऱ्याजाणाऱ्यानं बसायचं. आत ऊंजल, म्हणजे चार साखळ्यांचा झोपाळा: तिथं घरच्या मोठ्यानं. जेवायला जमीन. आणि कोपऱ्यात कॅनव्हासची आरामखुर्ची, जिच्यात बसलेला माणूस स्वतःच्या बळावर उठू शकत नाही. तमिळ लोक या आरामखुर्चीला फार मानतात. तोप्पिल मुहम्मद मीरान यांनी तिच्या नावानं ‘साय्वु नार्कालि’ ही कादंबरी लिहिली आणि तिला १९९७चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्याकडे खुर्चीवर नाटकं होतात, अग्रलेख होतात, पण ती खुर्ची बसायची नसते.

या सगळ्यांत सरळ पाठीच्या, टेबल नसलेल्या, कचेरी नसलेल्या खुर्चीला जागा नव्हती. हॉलमध्ये ठेवली तर ऊंजल तिला लागे. तिण्णैवर ठेवली तर येणारा माणूस आदबीनं उभा राही आणि आपला अर्ज कुठं द्यायचा ते विचारी. शेवटी सरस्वतीच्या फोटोखाली ठेवली. शेजारी कपाटात तंजावरची ती मान डोलावणारी बाहुली असते. गावात दर घरी अशी एक असल्यामुळे इथं कुठल्याही ठरावाला संमती लवकर मिळते.

मग खरी चाचणी सुरू झाली, आधुनिक वापराची. नातीचा निरोप होता की ही खुर्ची ‘आजच्या जगण्यासाठी पुन्हा घडवली आहे’. आजचं जगणं म्हणजे माझ्या मांडीवरचा लॅपटॉप. बसलो. पाठीला आधार बरा मिळत होता, हात रुंद होते, एकावर कॉफीचा डबरा-टंबलर नीट बसला. पंख्याचा वारा वेतातून आरपार जात होता. मे महिन्यातल्या तंजावरात ही काही साधी गोष्ट नव्हे. फोमच्या खुर्चीत बसलेला माणूस इथं अर्ध्या तासात शिजतो. एवढं मात्र होतं, की जिथून वारा येतो तिथून डासही येतात. कावेरीच्या खोऱ्यातला डास पाटबंधाऱ्यांच्या पाण्यावर वाढलेला. त्याला खालून विणलेली, सुबक भोकांची जाळी दिसली आणि आपल्यासाठीच केलीय असं त्याला वाटलं.

अप्पा म्हणाले, डासांचं काय घेऊन बसलात, ढेकणांचं बोला. ही आठवण कुठल्याही माहितीपुस्तकात छापत नाहीत. वेताच्या खुर्चीत त्या काळी ढेकूण असतच. विणीच्या कडेला, जिथं वेत चौकटीत शिरतो, तिथं त्यांची वसाहत असायची. उन्हाळ्यात शिपाई सगळ्या खुर्च्या आवारात नेऊन उन्हात घालत आणि सांध्यांत उकळतं पाणी ओतत. तेवढा एक दिवस कचेरी उभ्यानं चालायची आणि फायली त्या दिवशी जास्त निघायच्या, असं अप्पा शपथेवर सांगतात. हे मी नातीला कळवलं. अस्सलपणाच्या दृष्टीनं मूळ आराखड्यातला हा एक भाग नव्या आवृत्तीत गाळला आहे, हे तिच्या ध्यानात आणून दिलं. तिनं फोन ठेवला.

वेताबद्दल अप्पांची दुसरी आठवण वेगळी आहे, आणि ती सांगताना त्यांचा आवाज हेडक्लार्कचा राहत नाही. कचेरीतल्या फाटलेल्या बैठका विणायला एक आंधळा माणूस येई. हे काही त्यांच्याच कचेरीचं वैशिष्ट्य नव्हतं. देशभर अंधशाळांत वेतकाम शिकवत, आणि सरकारी नोकऱ्यांत ‘रिकेनर’ नावाचं पद दृष्टिहीनांसाठी असे. हा माणूस जुना वेत काढायच्या आधी बैठकीवरून हात फिरवायचा आणि कुठला कारकून इथं बसतो ते सांगायचा. एक डावीकडे कलून बसतो, एक पुढच्या कडेवर बसतो आणि सारखा उठतो, एक हलतच नाही. चंडीगडच्या ज्या खुर्च्या आज काचेमागे आहेत, त्यांच्याही बैठका अशाच कोणीतरी पुन्हा पुन्हा विणल्या असतील. त्यांचा नंबर कुणी रंगवला नाही.

तिसऱ्या दिवशी आसारींना बोलावलं. तमिळ मुलखात सुताराला आसारी म्हणतात आणि मानानं म्हणतात. हे आसारी वीणा करणाऱ्यांपैकी. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची. उत्तम म्हणजे एकाच ओंडक्यातून अख्खी कोरलेली, जिला एकांड वीणा म्हणतात. २०१३ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आसारींना ते कागद येण्याआधीही वीणा करता येत होती. बोलणं तमिळमध्ये, दुभाषी माझी बायको. ती भाषांतरात स्वतःची मतं बेमालूम मिसळते, तेव्हा पुढलं सगळं त्या हिशेबानं घ्यावं.

आसारींनी खुर्ची उलटी केली, सांध्यांवर अंगठा दाबला, पायाला बोटानं ठोकून कान लावला. (वीणेचा सुतार खुर्चीसुद्धा ऐकून बघतो.) लाकूड चांगलं वाळलेलं आहे म्हणाले. मग विचारलं, कोणी केली?

नात फोनवर होतीच. म्हणाली, जानरेंनी, पन्नासच्या दशकात.

ते आहेत?

नाहीत, १९६७ साली गेले. त्यांची रक्षा चंडीगडच्या सुखना तलावात सोडली.

आसारींनी हात जोडले. मग म्हणाले, ते तर गेले. ही कोणी केली?

बंगळूरच्या एका कारखान्यातल्या कारागिरांनी.

त्यांची नावं?

फोन थोडा वेळ गप्प राहिला. नात खोटं बोलणारी नाही. ती म्हणाली, विचारून सांगते. खरं तर हा घोळ मुळापासूनचा आहे. जानरेंच्या नावावर चालणाऱ्या काही खुर्च्यांत त्यांच्या बरोबरीनं काम करणाऱ्या वास्तुकार ऊर्मिला यूली चौधरी यांचा वाटा किती, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. लिलावाच्या पुस्तकात मात्र एकच नाव ठळक असतं. फ्रेंच नावावर बोली जास्त लागते.

आसारींना नाव नसण्याचं दुःख नव्हतं, बंद पडलेली खुर्ची ‘पुन्हा काढली’ या बातमीचं मात्र आश्चर्य होतं. चोवीस पक्क्या पडद्यांची वीणा रघुनाथ नायकांच्या काळात, सतराव्या शतकात ठरली असं इथं सांगतात. तेव्हापासून त्यांच्या घरात ती पुन्हाच निघते आहे. आजोबांनी काढली, वडिलांनी काढली, परवा त्यांनी काढली. छापील कार्ड कोणी बरोबर दिलं नाही. मध्ये बंदच पडली नाही, तर पुन्हा सुरू झाली असं म्हणणार कसं? बायकोनं हे इतक्या तावातावानं सांगितलं की ते आसारींचं वाक्य होतं की तिचं, मला अजून शंका आहे.

आसारींना पटवायचा शेवटचा प्रयत्न म्हणून नातीनं नाकाशिमांचं नाव काढलं. या बाबतीत मात्र ती बरोबर होती. जॉर्ज नाकाशिमा हे अमेरिकेतले जपानी वंशाचे लाकूडकामाचे मोठे कलाकार; तीसच्या दशकाच्या अखेरीस ते तंजावरहून पावणेदोनशे किलोमीटरवरच्या पाँडिचेरीत होते. अरविंदाश्रमाच्या गोलकोंद या वसतिगृहाच्या बांधकामावर त्यांनी देखरेख केली, तिथलं सागवानी फर्निचर आखलं, आणि अरविंदांनी त्यांना सुंदरानंद असं नाव दिलं. पुढं अमेरिकेत चाळीसच्या दशकात नोल कंपनीसाठी त्यांनी सरळ पाठीची खुर्ची केली. ती बंद पडली आणि कित्येक वर्षांनी कंपनीनं तीही पुन्हा बाजारात आणली. १९६४ साली ते अहमदाबादच्या डिझाइन संस्थेत येऊन फर्निचर आखून गेले. आसारींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “ते स्वतः रंधा मारत?” मारत, असं कळल्यावर नाकाशिमा त्यांना पटले. जानरे अजून विचाराधीन आहेत.

खुर्चीची बातमी गल्लीत पसरली तशी चौथ्या दिवशी एका मंगल कार्यालयाचे मालक आले. लग्नाचा हंगाम तोंडावर होता आणि काहीतरी ‘हेरिटेज’ हवं अशी गिऱ्हाइकांची मागणी होती. त्यांनी खुर्चीवर बसून पाहिलं, दोनदा उठून पाहिलं, कौतुक केलं. मग धंद्याचा प्रश्न विचारला, एकावर एक किती बसतात?

एकही नाही. त्या तिरक्या पायांनी आणि रुंद हातांनी प्रत्येक खुर्ची स्वतंत्र जागा मागते.

मालकांचा चेहरा पडला. त्यांच्याकडे पाचशे प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. दोन पोरं त्या दहा मिनिटांत रचतात, भिजल्या तर पुसतात, मोडल्या तर रद्दीवाला नेतो. सगळा तंजावर जिल्हा त्यांवर बसून लग्नं लावतो, सभा ऐकतो, मयताला जातो. विसाव्या शतकातली खरी यशस्वी खुर्ची ती, पण तिचा आराखडा कोणाचा हे विचारायला पॅरिसहून अजून कोणी आलेलं नाही. कॉफी पिऊन मालक गेले. जाताना म्हणाले, किंमत काय? मी सांगितली. ते पुन्हा आत येऊन, या खेपेला चपला काढून, खुर्ची बघून गेले.

परतायच्या आदल्या संध्याकाळी नातीचा निरोप आला. विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाचा अभिप्राय मागवलाय, आजोबांचे दोन शब्द हवेत, तारे किती ते सांगा. अप्पांनी तारे हा प्रकार समजून घेतला आणि नाकारला. मला कागद घ्यायला सांगितला. स्वतः त्या खुर्चीत बसले, दोन्ही कोपरं हातांवर टेकली, आणि निवृत्तीनंतर प्रथमच मजकूर सांगितला:

“विषय: एक नग खुर्ची, सागवानी, वेतविणीची, हातासहित, मिळाल्याबाबत. उपरोक्त नग सुस्थितीत प्राप्त. वजन जास्त, तथापि शिपाई उपलब्ध नसल्याने ती हलवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. वायुवीजन समाधानकारक. डासांबाबत स्वतंत्र पत्रव्यवहार करण्यात येईल. ढेकूण आढळले नाहीत, नोंद घ्यावी. कारागिरांची नावे कळवण्याचे राहून गेले आहे, ती उलट टपाली कळवावीत. नगावर नंबर नसल्याने तो स्थानिक आसारींकडून टाकून घेण्यात आला असून त्याचा खर्च निम्नस्वाक्षरीकाराने सोसला आहे. नग तूर्त वापरात घेण्यात येत आहे. कंडेम करण्याबाबतची पुढील तपासणी दहा वर्षांनी, निम्नस्वाक्षरीकाराच्या समक्ष.”